परिहास आणि प्रार्थना : संत तेरेसाचे 'वेहामेन'

ख्रिस्ती संतांच्या विनोदबुद्धीचा विषय निघाला की आविलाच्या तेरेसाचे नाव येते, आणि तिचे नाव आले की दोन आख्यायिका ठरल्याप्रमाणे मागोमाग येतात. एकीत ती नदी ओलांडताना चिखलपाण्यात पडते, देवाकडे गाऱ्हाणे करते, आपण आपल्या मित्रांना असेच वागवतो असे देव तिला सांगतो आणि तुला मित्र इतके थोडे का हे आता कळले असे ती त्याला ऐकवते. दुसरीत आंबट चेहऱ्याच्या साधूंपासून आमची सुटका कर अशी ती प्रार्थना करते. दोन्ही आख्यायिका गोड आहेत. परंतु तेरेसाच्या ग्रंथांत त्या कोठेही सापडत नाहीत. १५८२ च्या आरंभी बुर्गोसला जाताना पुराच्या पाण्यातून केलेल्या प्रवासाचे वर्णन तिने 'मठस्थापना' या ग्रंथात स्वतः करून ठेवले आहे. त्यात पाण्याचे भय आहे, सोबतिणींची काळजी आहे, पुढे जाण्याचा निश्चय आहे. तो चटकदार संवाद तेवढा नाही.

या आख्यायिकांमुळे संताचा विनोद हे पानाच्या कडेला वाढलेल्या लोणच्यासारखे एक तोंडीलावणे होऊन बसते. मूळ पदार्थ प्रार्थना; विनोद केवळ चवीपुरता. वस्तुतः तेरेसाच्या बाबतीत विनोद ही तिची विवेक करण्याची रीतच होती. खरी प्रार्थना कोणती आणि प्रार्थनेविषयीचे नुसते उंच बोलणे कोणते, हे निवडण्यासाठी तिने जी चाळणी वापरली ती बहुधा हसण्याची होती. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे १५७७ च्या आरंभी लिहिलेला, जेमतेम तीनचार पृष्ठांचा, 'वेहामेन' या नावाने ओळखला जाणारा तिचा लेख.

मराठी वाचकाला देवाशी केलेली सलगी नवीन नाही. नामदेव-तुकारामांच्या अभंगांत विठ्ठलाशी भांडण आहे, त्याच्यावर दिवाळखोरीचे आरोप आहेत, त्याला दिलेल्या धमक्याही आहेत. तेव्हा तेरेसा ही स्पेनची जनाबाई, एवढे म्हणून मोकळे होण्याचा मोह सहज होतो. तो आवरला पाहिजे. वारकरी संतांची थट्टा मुख्यतः देवाकडे तोंड करून उभी असते. 'वेहामेन'मधील थट्टेचे तोंड देवाकडे नाही. देवाविषयी बोलणाऱ्यांकडे आहे. आणि ते बोलणारे कोणी ढोंगी बुवा नव्हते. त्यांतील एक पुढे स्वतः संतपदाला पोहोचला.

या प्रकारच्या थट्टेला ख्रिस्ती परंपरेत जुना वंश आहे. इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या-पाचव्या शतकांत राहिलेल्या तपस्व्यांच्या ज्या लहान लहान कथा संग्रहरूपाने उरल्या आहेत, त्यांत ठेंगण्या योहानाची एक कथा आहे. त्याला देवदूतांसारखे निश्चिंत व्हावेसे वाटले. कामधाम नको, अखंड उपासना तेवढी हवी. अंगावरचे वस्त्र टाकून तो रानात निघून गेला. आठवड्याने परत येऊन त्याने भावाच्या कुटीचे दार ठोठावले. कोण आहे असे भावाने विचारले. मी योहान, असे उत्तर आले. योहान तर देवदूत झाला, तो आता माणसांत नाही, असे सांगून भावाने त्याला सकाळपर्यंत बाहेरच ठेवले. सकाळी दार उघडले तेव्हा, तू माणूस आहेस, खायचे असेल तर पुन्हा कामाला लागावे लागेल, एवढेच तो बोलला. या कथेत उपदेशाचे काम दाराच्या कडीने केले आहे. थोरल्या भावाने प्रवचन दिले असते तर योहानाने ते नम्रपणे ऐकून घेतले असते आणि कदाचित पुन्हा रानाची वाट धरली असती.

तेरेसाच्या लेखामागचा प्रसंग असा. प्रार्थनेत तिला एक लहानसे वाक्य ऐकू आले. त्याचा आशय, तू आपला शोध माझ्यात घे, असा होता. ते तिने आपला भाऊ लोरेन्सो दे सेपेदा याला कळवले. लोरेन्सो अमेरिकेतील स्पॅनिश मुलखात आयुष्य काढून १५७५ मध्ये श्रीमंत होऊन परतला होता आणि प्रौढ वयात बहिणीच्या मार्गदर्शनाखाली प्रार्थना शिकत होता. त्याने हे वाक्य आविलातील मित्रमंडळींपुढे ठेवले. सान होसे मठाच्या भेटीच्या दालनात त्यावर चर्चा झाली. बिशप आल्वारो दे मेन्दोसा यांना ती इतकी रुचली की प्रत्येकाने आपले उत्तर लेखी द्यावे आणि सर्व उत्तरे तेरेसाकडे निवाड्यासाठी पाठवावीत असा हुकूम त्यांनी सोडला. तेरेसा त्या वेळी तोलेदोला होती. उत्तरे देणारे चौघे होते : स्वतः लोरेन्सो, हुलियान दे आविला हा मठाचा धर्मगुरू आणि तिच्या प्रवासांतील सोबती, फ्रान्सिस्को दे साल्सेदो हा वृद्ध सद्गृहस्थ, जो पत्नीच्या निधनानंतर धर्मगुरू झाला होता, आणि क्रुसाचा योहान, ज्याला पुढे स्पॅनिश भाषेतील श्रेष्ठ कवींत स्थान मिळाले. योहानाचे हे उत्तर आज उपलब्ध नाही. त्यात काय होते याचा अंदाज तेरेसाने केलेल्या थट्टेवरूनच करावा लागतो.

'वेहामेन' हा शब्द विद्यापीठांतला आहे. साल्मान्का, आल्काला यांसारख्या ठिकाणी कोणाला आचार्यपद मिळाले की समारंभात एक वक्ता उभा राहून त्या नव्या आचार्याची भरसभेत यथेच्छ टवाळी करी. पदवीने डोके फुगू नये हा हेतू. आपल्याकडे लग्नघरी विहीणबाईंना गाण्यांतून चिमटे काढण्याची जी जुनी मुभा होती, तिची येथे आठवण होते. फरक एवढाच की स्पेनमध्ये ही मुभा पंडितांची होती आणि पुरुषांची होती. विद्यापीठाची पायरीही जिला चढता येत नव्हती, जिने लॅटिनचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते आणि स्त्रियांनी धर्मसभेत शिकवू नये हे संत पौलाचे वचन जिच्यावर वारंवार फेकले जात होते, अशा बाईने हा पंडिती प्रकार उचलून पंडितांवरच चालवावा, यातच अर्धा विनोद आहे.

आरंभच पाहावा. आज्ञापालनाचे बंधन नसते तर हे न्यायाधीशपण आपण पत्करलेच नसते, असे ती म्हणते. आणि लगेच खुलासा करते की नाकारण्याचे कारण मठातल्या भगिनी समजतात ते नव्हे. उमेदवारांत आपला भाऊ आहे म्हणून न्याय वाकडा होईल असे त्यांना वाटते! यानंतर एकेकाचा समाचार सुरू होतो. हुलियानची सुरुवात चांगली आणि शेवट वाईट, असा तिचा निकाल आहे. स्वयंभू प्रकाश आणि निर्मित प्रकाश यांचे मीलन कसे होते हे येथे कोणी विचारले नव्हते. तरी त्याच्या चुका ती माफ करते, कारण त्याने योहानाइतके पाल्हाळ लावलेले नाही. एका वाक्यात दोघांचे कान धरण्याची ही हातोटी पाहण्याजोगी आहे. भावाविषयी ती म्हणते की त्याच्या उत्तराने आणि कवनांनी आमची चांगली करमणूक झाली, तेवढ्याकरिता, स्वतःला न कळणाऱ्या उंच गोष्टींत शिरण्यातला त्याचा उणा विनय आम्ही पोटात घालतो. शांत प्रार्थनेत राहा असा सल्ला त्याने कोणी न विचारता दिला आहे. त्यावर तिची टिप्पणी एवढीच की जणू ते माणसाच्या हातीच आहे. प्रार्थनेतील गहन शांती ही कृपेने मिळते, प्रयत्नाने ओढून आणता येत नाही, हा तिच्या ग्रंथांतला मुख्य सिद्धान्त. तो येथे कंसातल्या एका शेऱ्यात उरकला आहे.

योहानाची पाळी येते तेव्हा मात्र थट्टेची धार वेगळी होते. त्याचे उत्तर, येशू संघाच्या पद्धतीने एकांतसाधना करू इच्छिणाऱ्यांना उत्तम, आमच्या प्रश्नाला गैरलागू, असे ती सांगते. जगाला पूर्ण मेल्याशिवाय देवाचा शोध घेता येणार नसेल तर तो शोध फारच महाग पडेल. माग्दालेना, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, मुलीसाठी पदर पसरणारी कनानी स्त्री, यांना तो भेटला तेव्हा त्या कोठे जगाला मेल्या होत्या? येथे हसता हसता एक मोठा वाद निकालात निघतो. योहानाची वाट त्यागाची, रिकामे होण्याची. तेरेसा ती वाट खोटी म्हणत नाही. परंतु ज्यांच्या हातात घागर आहे, घरी आजारी मूल आहे, मागे बदनामीचे आयुष्य आहे, त्यांनाही आहे त्या अवस्थेत शोध सुरू करता आला पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. आणि तिने दिलेले तिन्ही दाखले स्त्रियांचे आहेत हे काही योगायोगाने झालेले नाही. प्रत्येक गोष्टीचे परिपूर्ण ध्यान करू पाहणाऱ्या अतिआध्यात्मिक माणसांपासून देवाने आपल्याला वाचवावे, असे ती येथे म्हणते. आंबट चेहऱ्याच्या साधूंची ती आख्यायिका कोणाला हवीच असेल तर तिचे अस्सल रूप हे आहे, आणि ते कितीतरी अधिक बोचरे आहे. कारण आंबट माणसाला कोणीही हसेल, येथे हसणे आहे ते खऱ्याखुऱ्या साधूला. शेवटी ती योहानाचे आभारही मानते : जे आम्ही विचारलेच नव्हते ते त्याने फार चांगले समजावून सांगितले!

साल्सेदोवरचा शेरा वरवर पाहता सर्वांत हलका आहे. त्याने आपल्या कागदात जागोजाग संत पौलाचा आणि पवित्र आत्म्याचा हवाला दिला होता आणि शेवटी विनयाने, हे सारे आपले मूर्खपणाचे बोलणे आहे, असे लिहून सही केली होती. तेरेसा त्याला तेथेच पकडते. म्हणजे पौलाचे आणि पवित्र आत्म्याचे बोलणे मूर्खपणाचे ठरले! शब्द मागे घेतले नाहीत तर आपल्याला इन्क्विझिशनकडे तक्रार करावी लागेल, आणि ती कचेरी येथून जवळच आहे.

मराठी वाचकाला इन्क्विझिशन हा शब्द गोव्याच्या इतिहासातून माहीत आहे. तेथे ते न्यायासन १५६० मध्ये, म्हणजे तेरेसाच्या हयातीतच स्थापन झाले आणि १८१२ पर्यंत टिकले. पोर्तुगीज सत्तेखालचे ते आसन स्पेनच्या आसनाहून स्वतंत्र. परंतु धाक एकाच जातीचा. त्या शब्दावर हसू येणे कठीण. मग तेरेसाला ते कसे आले? तिचे 'आत्मचरित्र' १५७५ पासून याच न्यायासनाच्या ताब्यात होते. तिचे आजोबा हुआन सांचेस हे ज्यू कुळातून ख्रिस्ती झालेले व्यापारी. गुप्तपणे जुना धर्म पाळल्याबद्दल १४८५ मध्ये त्यांना सात शुक्रवार प्रायश्चित्ताचा अंगरखा घालून मिरवणुकीने चर्चोचर्ची फिरावे लागले होते, आणि तेही याच तोलेदो शहरात. या प्रकरणाचे कागद १९४६ मध्ये उजेडात आले. तेरेसाने आपल्या लेखनात त्याचा कोठेही उल्लेख केलेला नाही. परंतु ती कचेरी जवळच आहे, हे शब्द तोलेदोत बसून लिहिताना तिला त्यांचे वजन ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे.

आणि साल्सेदो कोण होता? १५५५ च्या सुमारास, प्रार्थनेत येणाऱ्या अनुभवांनी घाबरलेल्या तेरेसाने ज्या सज्जनांपुढे आपले अंतःकरण उघडे केले त्यांतला हा एक. त्याने आणि गास्पार दासा या धर्मगुरूने विचार करून निर्णय दिला तो असा की हे सारे सैतानाचे काम दिसते. 'आत्मचरित्रा'च्या तेविसाव्या प्रकरणात त्या दिवसांतले रडणे आणि भय नोंदलेले आहे. तेथेही ती साल्सेदोला 'साधुपुरुष सद्गृहस्थ' असेच म्हणते. म्हणजे एके काळी जो तिच्या प्रार्थनेचा न्यायाधीश होता, त्याच्या प्रार्थनेचा निवाडा वीसबावीस वर्षांनी तिच्याकडे आला. तिने दुसऱ्या कोणालाही नव्हे, नेमके त्यालाच इन्क्विझिशनचे भय दाखवावे! यात सूड पाहणारा वाचक फसेल, आणि नुसती गंमत पाहणाराही फसेल. जुनी जखम दोघांनाही आठवते आहे आणि आता तिच्यावर हात ठेवला तरी चालतो, हे एका म्हाताऱ्या मित्राला कळवण्याचा याहून नाजूक मार्ग सुचणे अवघड. क्षमेचे शब्द उच्चारले असते तर साल्सेदो पुन्हा अपराधी ठरला असता.

येथे मराठी मनाला गोरोबाकाकांच्या घरची संतसभा आठवल्याखेरीज राहणार नाही. कच्चे मडके कोणते हे पाहण्यासाठी मुक्ताबाईच्या सूचनेवरून थापटणे प्रत्येकाच्या डोक्यावर बसते आणि नामदेव कच्चे ठरतात, ही ती कथा. तेथेही चेष्टेची सुरुवात करणारी मुक्ताबाईच आहे. तेथेही परीक्षा आहे ती मान्यवर भक्तांची. पण दोन निकाल परस्परांच्या उलट आहेत. नामदेवांना भट्टीत आणखी भाजायला हवे होते, म्हणून ते विसोबा खेचरांकडे गेले. तेरेसासमोरची मडकी भाजून भाजून तडकायला आली होती. हे सगळे गृहस्थ इतके दिव्य आहेत की पत्ते जास्त झाल्यामुळे डाव हरले, अशा अर्थाचा पत्त्यांच्या खेळातला वाक्प्रचार ती वापरते.

या लेखाच्या इंग्रजी भाषांतरांकडे पाहिले तर परिहास किती सहज सांडतो हे ध्यानात येते. एलिसन पिअर्स यांच्या १९४६ च्या भाषांतरात याला 'निवाडा' अशा अर्थाचे शीर्षक आहे. कॅव्हनॉ यांच्या नंतरच्या भाषांतरात 'उपरोधिक समीक्षा' असे. पहिल्यात न्यायासन राहिले आणि सोंग गेले. दुसऱ्यात उपरोध हा शब्द आला आणि त्याबरोबर तेरेसाच्या ठिकाणी नसलेली एक थंड हुशारी आली. मराठीत 'टवाळी' म्हटले तर आकस डोकावतो, 'विडंबन' म्हटले तर ते वाङ्मयप्रकाराच्या कपाटात जाते. 'चेष्टामस्करी' हा शब्द मराठी घरांत प्रेमाने वापरला जातो. पण त्यात निवाड्याचा भाग नाही. मूळ शब्द तसाच ठेवून प्रसंग समजावून सांगणे हेच त्यातल्या त्यात प्रामाणिक.

भाषांतराची याहून गमतीची अडचण बुद्धिबळाच्या दृष्टान्तात आहे. 'सिद्धीचा मार्ग' या ग्रंथाच्या पहिल्या प्रतीत तेरेसा आपल्या भगिनींना सांगते की प्रार्थना हा बुद्धिबळाचा डाव आहे. समोरचा राजा देव, त्याला शह देऊन मात करायची. आणि या राजाशी सर्वांत जोराने झुंजणारी राणी म्हणजे नम्रता. त्यातच ती स्वतःला टोमणा मारते : आपल्या घरात जो खेळ नाही, असूही नये, त्याविषयी बोलते आहे म्हणून तुम्ही मला रागवा, देवाने तुम्हाला कसली आई दिली पाहा, हा फोलपणाही तिला येत होता! मठाच्या नियमांत तिनेच खेळांना बंदी घातली होती, आणि एकमेकींना रिझवण्याची कला देव कोणा कोणाला देईलच, अशी तरतूदही केली होती. आता हा दृष्टान्त मराठीत आणायचा तर राणीच्या जागी वजीर येतो. भारतातून निघालेल्या या खेळातला मंत्री युरोपात पोहोचून स्त्री झाला, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस, तेरेसाच्या जन्माआधी थोडीच वर्षे, स्पेनच्या परिसरात या मोहऱ्याला दूरवर झेप घेणारी चाल मिळाली. आपला वजीर बलाढ्य असेल. पण नम्रतेचे स्त्रीरूप आणि राजाला प्रेमाने कोंडीत पकडणे हे दोन्ही वजिराच्या अंगरख्यात मावत नाही. ग्रंथाच्या दुसऱ्या प्रतीतून तेरेसाने हा भाग काढून टाकला. पहिली प्रत टिकली हे वाचकांचे भाग्य.

प्रार्थनाच विनोदी असू शकते काय, याचेही उत्तर तिच्या मठात सापडते. सान होसेच्या भगिनींनी अंगाला खरखरीत लोकरीचे जाडेभरडे कापड घेण्याचे ठरवले तेव्हा त्यांना एकच धास्ती होती, उवांची. उवा झाल्या की ध्यानातले लक्ष उडणार. म्हणून त्या क्रूस पुढे धरून, मिरवणुकीने, या संकटातून सोडवण्याची विनवणी करीत निघाल्या, आणि तेरेसाने त्या प्रसंगासाठी धृपदासह एक गीत रचले. त्यात उवांना ती दुष्ट मंडळी म्हणते आणि नव्या वस्त्राचे या मंडळींपासून रक्षण कर, अशी स्वर्गीय राजाला विनंती करते. हे गीत ऐकून कोणालाही हसू येईल. पण मागणे अगदी खरे आहे. ज्या देवाजवळ उवांविषयी बोलता येत नाही त्याच्याजवळ आत्म्याविषयी तरी किती खरे बोलणे होणार? स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांतही प्रभू वावरतो, हे तिचे प्रसिद्ध सांगणे याच मातीतले आहे.

नेतृत्वाच्या दृष्टीने तिची लोरेन्सोला लिहिलेली पत्रे अधिक बोलकी आहेत. १५७७ च्या जानेवारीत ती त्याला लिहिते की तू मला मिठाई, भेटी आणि पैसे पाठवतोस आणि मी तुला अंगाला टोचणारी तपाची वस्त्रे पाठवते, याचे मला हसू येते आहे. पण त्याच सुमाराच्या पत्रांतून ती त्याचा उत्साह आवरत राहते : झोप मोडू नको, शरीराला जपून वापर, या वयात शरीर कोसळले तर आत्म्यालाही घेऊन पडेल. लोरेन्सो नवशिका होता आणि नवशिक्याला तपाची मोठी हौस असते. त्याला धाक घातला असता तर तो आणखी ताठ झाला असता, स्तुती केली असती तर फुगला असता. म्हणून ती हसते, आणि हसण्याच्या आडून लगाम खेचते.

मराठी ख्रिस्ती साहित्यात याच्या जवळ जाणारे एक पुस्तक आहे, लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत टिळकांसारख्या धर्मपुरुषाची उदारता, तापटपणा आणि व्यवहारातले भोळेपण हे सगळे संसार ओढणाऱ्या बाईच्या नजरेने पाहिलेले आहे. टिळकांच्या भक्तीला लक्ष्मीबाई कधी हसत नाहीत. भक्तीच्या भरात घरात जी तारांबळ उडते तिला हसतात. तेरेसाची थट्टा थेट साधनेच्या गाभ्याशी जाते, लक्ष्मीबाईंची उंबरठ्याशी थांबते. दोघींची स्थाने लक्षात घेता हे स्वाभाविकच; एकीकडे अधिकार होता आणि तो आज्ञापालनाच्या नावाखाली लपवावा लागत होता, दुसरीकडे अधिकाराचा प्रश्नच नव्हता, नात्याचा होता. पण दोघींच्याही हसण्याने समोरचा मोठा माणूस लहान होत नाही. 'स्मृतिचित्रे' वाचून टिळकांविषयीचा आदर कमी झालेला वाचक विरळा.

तेरेसाच्या या गुणाचे कौतुक करताना त्याची हद्दही सांगितली पाहिजे, कारण भक्तिभावाने लिहिणारे ती सांगत नाहीत. 'मठस्थापने'च्या सातव्या प्रकरणात विषण्णतेच्या विकाराने ग्रासलेल्या भगिनींना कसे वागवावे याचा उपदेश आहे. तेथे हसणे संपते. बोलून भागले नाही तर शिक्षा, लहान शिक्षेने भागले नाही तर मोठी, महिनाभर कोंडून उपयोग झाला नाही तर चार महिने, अशी ती चढत जाते. हा खरा आजार असू शकतो हे तिला मान्य आहे, आणि आजारी व्यक्तीविषयी दया बाळगण्यासही ती सांगते. तरी साऱ्या मठाची शिस्त बिघडेल या भीतीने तिचा हात जड होतो. आजच्या वाचकाला हे प्रकरण खुपते, आणि ते खुपणे रास्त आहे. 'वेहामेन'मधील चौघे तिची थट्टा झेलू शकत होते. जिला झेलता येत नव्हती, तिच्यासाठी तेरेसाजवळ दुसरे साधन पुरेसे तयार नव्हते. परिहासाने चालणाऱ्या नेतृत्वात हा दोष नेहमीच संभवतो : ज्याला हसता येत नाही तो त्या अंगणाच्या बाहेर राहतो.

'वेहामेन' लिहून झाल्यावर काही महिन्यांनी, २ जून १५७७ रोजी, तोलेदोतच तिने 'अंतरीचा किल्ला' लिहायला घेतला आणि नोव्हेंबरअखेर आविलात तो पुरा केला. चौघा पुरुषांना जो प्रश्न नीट सोडवता आला नाही त्याचे तिचे स्वतःचे सविस्तर उत्तर या ग्रंथात आहे असे म्हणता येईल. डोक्यात सतत घोंघावणाऱ्या आवाजांची तक्रार करीत, आपल्याला काही सुचत नाही असे सांगत, ती ते देते. ग्रंथ संपून आठवडाही झाला नव्हता तोच, २ डिसेंबरच्या रात्री, सुधारणेला विरोध करणाऱ्या कार्मेलपंथीयांनी क्रुसाच्या योहानाला आविलातून पकडून नेले. पुढच्या ऑगस्टमध्ये निसटेपर्यंत तो तोलेदोच्या मठातील एका अंधाऱ्या खोलीत बंदी होता. ४ डिसेंबरला तेरेसाने थेट राजा दुसरा फेलिपे याला पत्र लिहिले. योहान कोणाच्या हाती पडला आहे हे सांगताना, तो मूर लोकांच्या तावडीत असता तर बरे झाले असते, त्यांना कदाचित अधिक दया आली असती, असे तिने त्यात म्हटले आहे. ज्याच्या पाल्हाळाला ती वर्षाच्या आरंभी हसली होती, त्याच्याविषयीच्या या पत्रात विनोदाचा एकही शब्द नाही.